उरलेल्या तीन फेऱ्या

जगातली सगळ्यात मोठी हेवीवेट लढत मी लढलो आहे. खोटं वाटत असेल तर विचारा कुणालाही. अर्थात विचारायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याचा मूर्खपणा आमच्या बेडोक उपनगरात कुणी करत नाही. ही लढत कुठल्या स्टेडियममध्ये झाली नाही. बेडोकहून जुरोंग आयलंडला, म्हणजे कारखान्यांच्या बेटावर, जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, मागून तिसऱ्या रांगेत, शेजारच्या दोन सीटांवर झाली. प्रेक्षक अडतीस, त्यातले छत्तीस झोपलेले.

एका बाजूला जुना. काळ्यापांढऱ्या फिल्ममधला, आजच्या मानाने अंगाने किरकोळच, पण जगज्जेता. दुसऱ्या बाजूला नवा, आत्ताच्या काळातला. पावणेसात फूट उंच, दारातून आत येताना खांदे आडवे करावे लागतील असा. दोघांची नावं मी घेणार नाही. घेतली की वाचणाऱ्यांतच दोन तट पडतील आणि गोष्ट राहील बाजूला. नवा जन्माला यायच्या कितीतरी आधी जुन्याने हातमोजे खुंटीला टांगले होते. मजा त्यातच होती. जी लढत होऊच शकत नाही, तिच्यात हरायची भीती कुणाला?

नव्याच्या बाजूने मी. जुन्याच्या बाजूने चीफ. ते जहाजांवर चीफ इंजिनियर होते. उमेदीची सगळी वर्षं समुद्रावर काढून मग आमच्या प्लांटवर आले, म्हणून सगळे त्यांना चीफच म्हणत. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. मला ते 'लोणकढे' म्हणायचे. ते माझं आडनाव नव्हे, माझ्या थापांना त्यांनी दिलेली पदवी.

नियम आमचे आम्हीच केले होते. रोज सकाळी एकच फेरी. बस एक्स्प्रेसवेला लागली की चीफ बोटातली जाड चांदीची अंगठी पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर आपटायचे. टण्! की फेरी सुरू. आयलंडच्या चेकपोस्टवर पास काढायची वेळ आली की फेरी संपली. आणि सगळ्यात मोठा नियम असा की आपापल्या बॉक्सरच्या वतीने 'मी' म्हणूनच बोलायचं. त्याने ठोसा मारला, त्याला लागलं, असलं परभारं बोलणं चालणार नाही. मी मारला. मला लागलं.

फेऱ्या किती, यावर मात्र दोन आठवडे कडाक्याचं भांडण झालं.

"बारा," मी म्हटलं. "हल्ली बाराच असतात."

"माझ्या काळी पंधरा होत्या."

"त्या कमी का केल्या माहितीये ना, चीफ? माणसं मरायला लागली रिंगमध्ये."

"बारा फेऱ्या कुणीही थापा मारत काढतो रे, लोणकढे. शेवटच्या तीनांत माणूस उघडा पडतो."

शेवटी तडजोड झाली. त्यांनी पंधरा फेऱ्या घेतल्या, मी माझ्या काळातले जाड हातमोजे घेतले.

पहिल्या आठ फेऱ्या म्हणजे काय सांगू! तिसऱ्या फेरीत माझ्या एका ठोशाने जुना दोरांवरून जो उडाला, तो थेट मलाक्काच्या सामुद्रधुनीत. एका टँकरने त्याला उचलून परत आणून दिलं तेव्हा कुठे खेळ पुढे सरकला. चीफ डोळेसुद्धा न उघडता म्हणाले, "तो टँकर माझाच. मीच होतो त्याच्या इंजिनरूममध्ये." त्यांची लढायची तऱ्हाच वेगळी. माझ्यासारखं आभाळ फाडणं नाही. "मी मारत नाहीये. मी फक्त तुझ्या डावीकडे सरकतोय. तुला वळावं लागतंय. एवढं धूड वळवायचं म्हणजे दम लागतो. मी थांबलोय." आणि खरंच माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. पाचव्या फेरीत त्यांनी मला असं काही लोळवलं की मी चेकपोस्टवर पास द्यायचाच विसरलो. आमचा चिनी ड्रायव्हर अंकल आम्ही उतरताना रोज विचारायचा, "टुडे हू विन, आह?" चीफ उजवा अंगठा स्वतःकडे वळवायचे. हरले असले तरी.

नवव्या फेरीच्या सुमारास चीफ बसच्या पायरीवर थांबू लागले. दांडा धरून, एक पाय वर, एक खाली. मागे रांग खोळंबायची. मी मागून ओरडायचो, "बघा बघा, रिंगमध्ये चढताना म्हाताऱ्याला दम लागला!" रांग हसायची. चीफही हसायचे. पुढच्या महिन्यात त्यांचं मेडिकल होतं हे मला ठाऊक होतं. जहाजावर मेडिकलमध्ये नापास झालेला माणूस कायमचा किनाऱ्याला लागतो, ही भीती त्यांच्या हाडात मुरलेली. डॉक्टर हा शब्द ऐकला की ते समुद्रात चाच्यांची बोट दिसल्यासारखे सावध व्हायचे.

दहाव्या फेरीत टण् झाल्यावर त्यांनी डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "माझा डावा हात जड पडलाय."

"पडणारच! दोन आठवडे माझे ठोसे त्याच्यावरच झेलताय."

"कोपराच्या खाली आपला नाहीच असं वाटतंय."

"नाटकं! म्हातारा वेळ काढतोय!"

बारावी फेरी शुक्रवारी होती. आमच्या बसचा एसी म्हणजे हिमालयच. मी पेंग्विन बसलेले पाहिलेत तिथे. सगळे जाकिटांत गुरफटून झोपतात. त्या गारठ्यात चीफच्या कानशिलावरून घामाची धार लागली होती. मी ती बघितली. हे मी नीट सांगतो, कारण इथे मला काही वाढवायचं नाही. मी ती धार बघितली.

"छातीवर कुणीतरी गुडघा रोवून बसलंय," चीफ म्हणाले. "थांब जरा."

"रिंगमध्ये कुणी थांबतं का? खाली पडलात! एक! दोन!"

मागच्या रांगेतले दोघे जागे झाले आणि तेही मोजू लागले. तीन. चार. आख्खी बस मोजत होती असं मी पुढे महिनाभर सांगत फिरलो असतो, पण दोघेच होते. आठ. नऊ. नऊला चीफ सरळ बसले, डोळे पुसले आणि उजवा हात वर केला.

"नऊला उठलो. नीट ऐकलंस ना? उरलेल्या तीन सोमवारपासून."

चेकपोस्ट आला. पास त्यांच्या डाव्या खिशात असायचा. तो त्यांनी उजवा हात वाकडा करून, अंग पिळवटून काढला. मी तेही बघितलं, आणि मनातल्या मनात ती फेरी माझ्या नावावर केली.

रविवारी दुपारी, बेडोकच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, टीव्ही समोर चालू असताना चीफ खुर्चीतल्या खुर्चीत गेले. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या होत्या. चहा घेऊन बाहेर आल्या तोवर संपलं होतं.

स्मशानात वहिनींनी मला बाजूला घेतलं. रडत नव्हत्या. "तुम्ही रोज शेजारी बसायचात. डॉक्टर म्हणतात, आधी काही दिवस त्रास झाला असणार. बसमध्ये काही म्हणाले होते का हो?"

"छे छे, वहिनी. शुक्रवारी तर एकदम ठणठणीत होते."

आयुष्यात एवढी लहान थाप मी कधी मारली नव्हती. ना टँकर, ना सामुद्रधुनी. आणि नेमका तिच्यावर त्यांनी विश्वास ठेवला. मान हलवून आपल्या मुलीकडे वळल्या.

मग बस सुरू झाली. म्हणजे ती रोजच सुरू होती, पण माझ्यासाठी. शेजारची खिडकीची सीट रिकामी. एक्स्प्रेसवेला लागलो आणि टण्!

मी पंप आणि कॉम्प्रेसरवाला माणूस. कुठल्या यंत्राची काय कुरकुर आहे हे मी भिंतीपलीकडून ओळखतो. दांडा तपासला. एक बोल्ट सैल होता. दुसऱ्या दिवशी पाना नेला आणि बोल्ट असा आवळला की आता तो बस भंगारात गेली तरी निघायचा नाही. तिसऱ्या दिवशी, त्याच वळणावर, टण्! मी जागा बदलली, पुढे ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसलो. तिथेही पाठीमागून आवाज आला, लांबून, पण स्पष्ट. जुरोंग आयलंडला दुसरं काही जात नाही. एमआरटीची मेट्रो नाही, पायी वाट नाही. मला त्याच बसने जाणं भाग. एकदा अंकलने आरशातून बघत विचारलं, "टुडे नो फाइट, आह?" मी मान हलवली. मागे वळून बघितलं तर एका खिडकीची काच एसीने धुरकटली होती. चीफच्या रिकाम्या सीटच्या बाजूची. तेवढीच.

फेरी सुरू व्हायची, आणि समोर कुणी बोलायचं नाही. चेकपोस्टपर्यंत तो सगळा वेळ मी ऐकत बसायचो. कुणीतरी थांबलंय. मारत नाहीये. माझ्या डावीकडे सरकतंय, आणि मला वळावं लागतंय.

तीन आठवडे मी असे काढले. मग एका शनिवारी सकाळी वहिनींच्या दाराची बेल दाबली.

मुलीने दार उघडलं. पॉलिटेक्निकला आहे. वहिनी जेवणाच्या टेबलाशी बसून मेथी निवडत होत्या. मी उभ्यानेच म्हणालो, "वहिनी, चीफ मला म्हणाले होते. डावा हात जड झालाय म्हणाले. दोन दिवसांनी म्हणाले, छातीवर कुणी बसलंय. थांब जरा, असंही म्हणाले."

"अंकल, डोन्ट ब्लफ लाह," मुलगी म्हणाली. तिला वाटलं, मी नेहमीसारखा थापा मारत सुटलोय. मग माझ्या तोंडाकडे बघून ती टेबलाशी येऊन बसली.

वहिनींचे हात थांबले. "हे म्हणायचे, तुमच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं. यातलं कुठलं निम्मं सोडू?"

"कुठलंच नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी आकडे मोजले."

"किती?"

"नऊपर्यंत. नऊला ते उठले."

वहिनी उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ बंदच झाला नाही. मुलगी मेथीच्या काड्या एका सरळ रेषेत लावत बसली. मला कुणी बस म्हटलं नव्हतं, म्हणून मी उभाच होतो. नळ बंद झाला. वहिनी बाहेर आल्या. चेहरा धुतलेला, पदराने पुसायचा राहिलेला.

"रोज जेवताना ती मारामारी सांगायचे मला," त्या म्हणाल्या. "आज लोणकढ्याला असं केलं, तसं केलं. तेवढ्यापुरता दम लागायचा नाही त्यांना." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "डाव्या हाताचं मला कधी बोलले नाहीत. मी लगेच डॉक्टरकडे नेलं असतं म्हणून. तुम्ही नेणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं."

  मी चपला घालायला वाकलो.

"तीन राहिल्यात ना?" वहिनी मागून म्हणाल्या.

"हो."

"त्या पुऱ्या करा. पण तुमच्या त्या राक्षसाच्या बाजूने नाही. ह्यांच्या बाजूने."

पुन्हा या, असं त्या म्हणाल्या नाहीत. दार लागलं.

सोमवारी मी मागून तिसऱ्या रांगेत गेलो आणि पहिल्यांदाच चीफच्या सीटवर, खिडकीशी बसलो. माझी नेहमीची सीट शेजारी रिकामी राहिली. बस एक्स्प्रेसवेला लागली. मी टण्ची वाट बघितली. वळण आलं, गेलं. काही वाजलं नाही. शेवटी बोट दुमडून मीच दांड्यावर मारलं. माझ्या बोटात अंगठी नाही. हाड लागलं, आवाज असा आलाच नाही.

"तेरावी फेरी," मी हळूच म्हणालो. "मी उठून उभा आहे. माझा डावा हात जड पडलाय."

पुढचं सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे पुढचं वाक्य नव्हतं. तो हात आतून कसा जाणवत असेल, ते मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. गारठ्यात माझ्या कानशिलावर घाम आला.

"थांब जरा," मी म्हणालो.

आणि शेजारच्या रिकाम्या सीटवरून, अगदी मोठ्याने, मजेत, माझ्याच आवाजात कुणीतरी मोजायला लागलं. एक. दोन. तीन.