बसवायचं की निजवायचं

कडगंचीच्या अलीकडं, ओढ्याच्या काठाला महादेवप्पाचा करडीच्या तेलाचा घाणा होता. बैल डोळे बांधून फिरायचा, महादेवप्पा डोळे उघडे ठेवून त्याच्यामागं फिरायचा, आणि त्याची बायको रुद्रम्मा बोलायची. तेलाला आलेल्या बाईचं मडकं भरून घटका झाली तरी ती बाई उठत नसे, इतकं रुद्रम्माचं बोलणं गोड. म्हणून एका सकाळी भावकी आणि मिशन, दोघंही तिच्या एका शब्दासाठी अंगणात ताटकळले आणि तिच्या तोंडातून शब्द फुटेना, ह्याचं गावाला फार दिवस नवल वाटलं.

ते समजायला तिचं मागलं कळलं पाहिजे.

रुद्रम्मा लिंगायताची लेक आणि लिंगायताचीच सून. तिला तीन लेकरं झाली नि तिन्ही गेली. पहिली मुलगी आठ महिन्यांची होऊन, मधला मुलगा देवी येऊन, धाकटी पटकीत एका दिवसात. तिघांनाही घराण्याच्या शेतात, बाभळीपाशी मातीत ठेवलं. महादेवप्पा घाण्याकडं तोंड करून रडला, मग डोळे पुसून म्हणाला, "लिंगात मिसळली गं. घागरीतलं पाणी हिरीत ओतलं, आता त्यातलं आपलं कोणतं म्हणून हुडकायचं?" त्याला त्यानं बरं वाटलं. हिला वाटलं नाही. "मला मिसळलेली नकोत," ती म्हणायची. "मला माझी पोरं पायजेत, शेंबडासकट."

पुढं तापाच्या औषधासाठी ती मिशनच्या दवाखान्यात जाऊ लागली. तिथं गौरम्मा नावाची बाई होती, ती घरोघर जाऊन येशूच्या गोष्टी वाचून दाखवायची. तिनं रुद्रम्माला पाळकांकडं नेलं. समुएलप्पा पाळक हडकुळा माणूस. जवळ एकच कोट, तो भर वैशाखातही अंगावरून उतरत नसे. रुद्रम्मानं त्याला पहिल्याच भेटीत विचारलं, "माझी लेकरं कुठं हायत?"

"प्रभूपाशी," पाळक म्हणाला. "एकेकाचं नाव घेऊन ठेवलेली. एक बी हरवलं न्हाई."

"मोठी झाली असतील का आता?"

पाळकानं डोकं खाजवलं. "ते काय लिहिलेलं न्हाई, अक्का."

हे तिला पटलं. जे ठाऊक नाही ते हा माणूस ठाऊक नाही म्हणतो, म्हणजे जे ठाऊक आहे म्हणतो ते खरं असणार, असं तिनं मनाशी ठरवलं आणि वर्षाच्या आत बाप्तिस्मा घेतला.

भावकीनं पाणी तोडलं. थोरला दीर वीरभद्रप्पा पुढं अकरा वर्षं तिच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. तिला काही सांगायचंच झालं तर अंगणात उभं राहून भिंतीला सांगायचा. महादेवप्पानं मात्र तिला अडवलंही नाही आणि तो तिच्यामागं गेलाही नाही. "तुला जायचंय तर जा," तो म्हणाला. "येसण बैलाला असती, बायकोला न्हाई." लिंग त्याच्या गळ्यात राहिलं आणि हिच्या हातची भाकर त्याच्या ताटात राहिली. त्यातलं पहिलं भावकीला आवडायचं, दुसरं मिशनला.

दर ऐतवारी तो गाडी जुंपून तिला मिशनच्या देवळापर्यंत सोडायचा, दिव्यासाठी तेल द्यायचा आणि बाहेर कडुलिंबाखाली बसून राहायचा. प्रार्थना सुटली की गौरम्मा त्याला गाठायची.

"महादेवप्पाण्णा, आणखी किती वर्सं भाईर बसून ऐकायलाव? आत बाकडी हायत."

"हितं वारं लागतंय, गौरक्का."

"वर गेल्यावर आग लागंल तवा कळंल वारं!"

"तवा तुमी वाळा घालून पंखा हालवा," तो म्हणायचा आणि बैल जुंपायला उठायचा.

पोलीस ॲक्शन होऊन चौथं वर्ष लागलं तेव्हा पहिलं मतदान झालं. पडद्याआड पेट्या मांडलेल्या, प्रत्येकीवर चित्र, आणि साहेबानं बजावून सांगितलेलं की तुमचा हात कुणी धरायचा नाही. समुएलप्पानं त्या ऐतवारी प्रवचनात ते घेतलं. म्हणाला, देवानंही माणसाला असंच पडद्याआड एकटं उभं केलंय. स्वर्गाची पेटी समोर ठेवलीय, पण चिठ्ठी टाकणारा हात माणसाचा. त्यावर बाहेर झाडाखालून मोठ्यानं आवाज आला, "बरोबर हाय!" सगळं देऊळ हसलं. रुद्रम्माही हसली. तिला वाटलं, आता हा येतोच आत.

त्याच वर्षी भादव्यात महादेवप्पाच्या पोटात पाणी झालं. दवाखान्यानं दोनदा पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. एके दिवशी दिवेलागणीच्या आधी समुएलप्पा येऊन उशाशी बसला.

"महादेवप्पा, वेळ गेलेली न्हाई. प्रभूच्या शेजारच्या वधस्तंभावर चोर व्हता, त्याला बी शेवटच्या घटकेला जागा मिळाली. एक शब्द पुरं. तोंड चालंना तर नुसती मान हालवा. जबरदस्ती न्हाई."

"न्हाई हे ठावं हाय," महादेवप्पा म्हणाला. "म्हणूनच उद्या सांगतो."

सकाळी ऊन भिंतीवर आलं तेव्हा त्यानं पाणी मागितलं. रुद्रम्मा चमच्यानं घालत होती. दोन चमचे गेल्यावर तो थांबला आणि नीट शुद्धीत बोलला.

"रुद्री, पाळक येईल. त्याला सांग, तुमचा देव चांगला हाय. हिला जपलं त्यानं. पण मला इचारलं तर, न्हाई. मला कुठं जायचं न्हाई. हितंच मिसळायचंय."

"लेकरं तिथं हायत की वो," ती म्हणाली.

तो तिच्याकडं पाहत राहिला. "तू हाईस की त्यास्नी."

तिसरा चमचा तिनं ओठाला लावला, तो ओघळून मानेवर आला. तिनं पदरानं मान पुसली. मग पाहिलं, तर ज्याची मान पुसली तो माणूसच उरला नव्हता.

तिला काही झालं नाही. दारात सुपात डाळ निवडायची पडली होती, तिच्यावर चिमण्या बसल्या होत्या. तिनं त्या हाकलल्या, सूप आत घेतलं, आणि शेजारच्या दारात जाऊन "गेले" एवढं सांगितलं. शेजारणीला आधी कळलंच नाही, कोण कुठं गेलं ते.

ऊन अंगणात उतरायच्या आत दोन्हीकडची माणसं जमली. एका बाजूला वीरभद्रप्पा, चार भाऊबंद आणि भस्माची झोळी घेतलेला त्यांचा पुरोहित, जंगम. दुसऱ्या बाजूला समुएलप्पा, गौरम्मा आणि मिशनचे दोघं. अडचण अशी होती. लिंगायतांत माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतात, बसलेलाच मिरवत नेतात, आणि हातात लिंग देऊन बसलेलाच पुरतात. ख्रिस्ती माणसाला निजवतात. महादेवप्पानं शेवटी प्रभूला होय म्हटलं असेल तर त्याची जागा मिशनच्या मातीत. आणि तसं असेल तर जंगम त्याला हात लावणार नव्हता. नाही म्हटलं असेल तर उलटं. आणि हे ठरवायला बसून विचार करायची सोय नव्हती, कारण एकदा अंग आखडलं की गुडघे वाकत नाहीत. शेवटच्या घटकेला जवळ होती ती एकटी रुद्रम्मा.

वीरभद्रप्पा ह्या वेळी भिंतीशी बोलला नाही. "रुद्रम्मा, खरं सांग. काल पाद्री आलता. यानं बाप्तिस्म्याचं पाणी घालून घेतलं का?"

समुएलप्पा पुढं आला. "अक्का, घाई न्हाई. पण शेवटी काय म्हणाले? मान तरी हालवली का?" त्याला होय ऐकायचं होतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"घाई न्हाई म्हणायला ह्याचं काय जातंय!" वीरभद्रप्पा म्हणाला. "भाऊ माझा आखडायलाय."

रुद्रम्मानं तोंड उघडलं आणि मिटलं. गौरम्मानं तिला दंडाला धरून आत नेलं.

"मान हालवली म्हण."

"हालवली न्हाई."

"दम घेताना माणसाची मान हालतीच की गं! तुझ्या शेजारी जागा मिळंल त्याला. मेलेली उठायच्या दिवशी दोघं संगंच उठशाल. कोण बघायलंय हितं?"

"कोण बघायलंय ते तूच शिकवलीस की."

गौरम्मानं तिचा दंड सोडला. मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. रडता रडताच तिनं विचारलं, "मी रडायलेय, आन् तू कामून रडना गेलीस?"

"काय की. येईनाच."

रुद्रम्मा त्याच्या पायाशी बसली. अंगठा गार लागला. होय म्हटलं तर काय होईल ते तिनं मनात मांडून पाहिलं. मिशनच्या कुंपणाच्या आत तो, त्याच्या शेजारी ती. लोक म्हणतील, बाईनं नवरा तारला. वर्ष-दोन वर्षं सांगत राहिली की तिला स्वतःलाही ती मान हाललेली दिसू लागेल. मग नाही म्हणून पाहिलं. तिकडं गेल्यावर लेकरं विचारतील, अव्वा, अप्पा कुठाय? तेव्हा काय सांगायचं? दोन्ही पाहून झालं, आणि छातीत काही हललं नाही. मग तिनं त्याचा गुडघा उचलून पाहिला. तो आला, पण कुरकुरत आला. तेवढ्यानं ती उठली आणि बाहेर गेली.

"अय्या, एक सांगा," ती पाळकाला म्हणाली. "देवानं मनावर घेतलं तर त्यो माणसाला वढून न्हाई का नेऊ शकत?"

समुएलप्पा म्हणाला, "नेऊ शकतो. नेत न्हाई. त्यो हात धरतो, पिरगाळत न्हाई. माणूस न्हाई म्हणाला तर त्याला ते न्हाई ऐकून घ्यावं लागतं. त्याला बी ते सोपं जात नसंल."

"मग त्या माणसाचं काय व्हतंय?"

"आम्ही शिकवतो ते तुला ठावं हाय, अक्का."

"तुमास्नी काय वाटतंय?"

त्यानं कोटाच्या गुंडीला हात लावला. "न्याय करायला मला बसवलेलं न्हाई. बरं हाय ते. आज बसवलं असतं तर म्या रडत रडत माफ करून सोडलं असतं त्यास्नी."

"तर ऐका," रुद्रम्मा म्हणाली. आवाज सपाट होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "न्हाई म्हणाले. शुद्धीत म्हणाले. तुमचा देव चांगला हाय म्हणाले, आन् न्हाई म्हणाले. देवानं ते ऐकून घेतलं असंल, तर ते खोडणारी मी कोण? भावजी, पाणी घेतलं न्हाई. लिंग गळ्यात हाय. या आत, बसवा."

वीरभद्रप्पा उंबऱ्याशी आला, अडखळला, आणि आत पाय टाकला. गुडघे ऐकेनात. रुद्रम्मानं चुलीवर तेल कोमट केलं, ते दोघा भावांनी चोळलं, तेव्हा कुठं मांडी जमली. पाठ टेकवायला माणूस हवा होता म्हणून ती मागं बसली. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर पडलं, आणि जंगम भस्म लावीपर्यंत ते तिथंच राहिलं. जड होतं. तिला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही.

समुएलप्पा निघून गेला नाही. वाजंत्रीच्या पार मागं, एकटा, तो शेताच्या बांधापर्यंत चालत आला आणि तिथं हात बांधून उभा राहिला. कुणी त्याला हाकललं नाही, कुणी बोलावलंही नाही.

माती लोटून झाली तेव्हा वीरभद्रप्पा रुद्रम्माजवळ आला. त्याचा आवाज उतरला होता. "आज तू खोटं बोलली न्हाईस. बाजूची जागा मोकळी सोडलीय तुझ्यासाठी. नवरा हितं, लेकरं हितं. उद्या जंगमाला बोलावतो, लिंग बांधून घे. मागलं मागं राहू दे."

हे तो मनापासून म्हणत होता. तिला ते कळत होतं. जागा चांगली होती, सावली होती.

"न्हाई, भावजी."

"कामून?"

"मला माझी पोरं बघायचीत."

"आन् ह्यो? ह्याला सोडून?"

"त्यास्नी इचारलं व्हतं," ती म्हणाली.

वीरभद्रप्पानं तिच्याकडं, मग बांधावरच्या पाळकाकडं पाहिलं. "तुम्ही दोघं नवराबायको..." म्हणाला, आणि भाऊबंदांकडं वळला.

त्या आठवड्यात शेजारच्या बायका येऊन बसल्या, रडून गेल्या. रुद्रम्मानं त्यांना पाणी दिलं. जेवायला वाढलं की ती जेवायची. मीठ जास्त आहे की कमी, तिला सांगता येत नसे. ऐतवारी ती मिशनला पायी गेली. वर्षात प्रभूमध्ये निजलेल्यांची नावं समुएलप्पानं वाचली. महादेवप्पाचं नाव त्यात नव्हतं, असणारही नव्हतं. शेवटचं नाव झाल्यावर पाळक जरा जास्तच थांबला, मग त्यानं वही मिटली. सगळे उठले तशी ती उठली, सगळ्यांनी डोळे मिटले तसे तिनं मिटले.

येताना गौरम्मा अर्ध्या वाटेपर्यंत सोबतीला आली. गौरम्माला गप्प चालणं कधी जमलेलं नव्हतं.

"प्रार्थनेत काय मागितलंस गं?"

"काय मागितलं न्हाई."

"मग एवढा वेळ डोळे मिटून काय करायलतीस?"

"निरोप सांगितला," रुद्रम्मा म्हणाली. "लेकरांस्नी सांग म्हणलं. अप्पा इसरले न्हाईत तुमास्नी. इचार करून न्हाई म्हणालेत."

गौरम्मानं डोळ्याला पदर लावला आणि आपल्या वाटेला वळली. रुद्रम्मा पुढं चालत राहिली. ऊन डोक्यावर आलं होतं आणि गाव अजून कोसभर होतं.