एक जूनचं जेवण

ताई,

मी पुण्याला निघालो त्या सकाळी माझी पेटी फाट्यापर्यंत तू डोक्यावरून आणली होतीस. मी शिकायला निघालेला, म्हणून पुढे रिकाम्या हातांनी चाललो होतो, त्याची आज लाज वाटते. एसटी आली तेव्हा आई खिडकीखालून म्हणाली, "पुण्यात कुणी इचारलं तर सांग, फाट्यापासनं दुसरं घर हाय आमचं." बत्तीस वर्षांत ते मला कुणीही विचारलेलं नाही. इथे विचारतात ते कुठली कंपनी, कुठली सोसायटी आणि हिंजवडीहून घरी पोचायला किती वेळ लागतो.

परवा पावणेदोन तास लागले. माझा पन्नासावा वाढदिवस होता, म्हणजे कागदावरचा. मंजिरीने कल्याणीनगरच्या एका चायनीज रेस्टॉरंटात टेबल घेतलं होतं. आपल्या लेखी चायनीज म्हणजे करमाळ्याच्या स्टँडसमोर गाडीवर मिळतो तो लाल भात. इथे पाच पदार्थ आणि प्रत्येकाबरोबर त्याला साजेशी वेगळी वाइन. मी म्हणालो, दमलोय, घरीच वरणभात जेवू. तुझी भावजय सदाशिव पेठेतली. म्हणाली, "दमायचं ते तिथे बसून दमा. खुर्च्या चांगल्या आहेत."

आईला मुद्दाम बरोबर नेलं. तिचं इथे मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता, आणि आठवड्यापूर्वी तू फोनवर म्हणाली होतीस, "आता तूच ठिवून घे तिला. माझ्यानं हुत नाय." तुला गावातच दिलेली, त्यामुळे अण्णा गेल्यापासून बारा वर्षं तिचं सगळं तूच केलंस. तरी तिला 'इथेच राहा' म्हणायला माझी जीभ आठवडाभर रेटत नव्हती. चांगल्या जागी, सगळे असताना विचारू, असं ठरवून मी दिवस ढकलत होतो.

वेटर मणिपूरचा होता, माझ्यासारखाच घर सोडून आलेला. पहिली वाइन ओतून तो म्हणाला, "सर, इसमें लीची की खुशबू मिलेगी." मी ग्लासात नाक घालून मान डोलावली. मला फक्त कपाळाला चोळलेल्या बामाचा वास येत होता. मग बांबूच्या टोपलीत वाफाळलेले डिमसम आले. आईने ते नव्या डोळ्याने निरखले.

"दिंडंच की ही," ती म्हणाली. "पर पंचमी तर लांब हाय अजून."

"आज्जी, त्याचा बाबाच्या बर्थडेशी काय संबंध?" सईने विचारलं.

"तुझा बाप नागपंचमीचा. त्या दिवशी चिरायचं नाय, तळायचं नाय. मग त्याच्या वाढदिवसाला पुरण भरून उकडलेली दिंडं."

गुरुजींनी आपल्या शाळेतल्या सगळ्यांना एकच जन्मतारीख दिली, एक जून, हे मी घरात कधी सांगितलंच नव्हतं. ऑफिसात त्या दिवशी आम्हा खेड्यांतल्यांचा मिळून एक केक कापतात, तेवढ्यावर माझं भागत होतं. मंजिरीने लग्न ठरताना तारीख विचारली, तेव्हा 'आमच्याकडे लिहून ठेवत नसत' असं म्हणायची लाज वाटली. नंतर सांगायला फार उशीर झाला होता.

मंजिरीने ग्लास खाली ठेवला. "म्हणजे बावीस वर्षं मी ह्यांना भलत्याच दिवशी ओवाळतेय," ती म्हणाली. "छान." तिला लागलं होतं. आणि शाळेच्या दाखल्यावर तुझीही तारीख एक जूनच आहे, पण तुला फोन करायचं मात्र आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

बदक आलं, त्याच्यासोबतची लाल वाइन आली. आई साधा भात खात होती. आता विचारलं नाही तर राहूनच जाईल, म्हणून मी म्हणालो, "आई, तू आता इथंच राहा. कायमची."

तिने घास संपवला. "मी हितं ऱ्हायले तर तू गावाला कशापायी येशील?"

तिचं खरं होतं. शेत गेलं, बरोबरीचे सगळे हडपसर आणि हिंजवडीला आले. वर्षातून दोनदा मी येतो तो तिच्यासाठीच. ती इथे आली की त्या दाराला कुलूप, आणि मला गावच नाही. मी इतकी वर्षं समजत होतो की घर तिथे आपोआप आहे. ते माझ्यासाठी आई राखत बसली आहे, आणि आईला तू.

शनिवारी मी तिला घेऊन येतोय. ती नको म्हणाली तेव्हा तुझा ओढलेला चेहरा डोळ्यांपुढे आला, फार वाईट वाटलं. पण त्याआधी क्षणभर मला हायसं वाटलं होतं, ताई. हे तुला सांगितल्याशिवाय तुझ्या दारात उभं राहायचं माझं धाडस होणार नाही.