सकपाळांची आत्ती

आत्ती कुणालाही "कोण रे?" असं विचारत नसे. "कुठला?" असं विचारी. आमच्या वाडीत "कोण" विचारून काही उपयोगच नव्हता. येईल तो सकपाळच. वाडीचं नाव सकपाळवाडी, वाडीत राहणारे झाडून सगळे सकपाळ. नदीपल्याड आणखी एक सकपाळवाडी, तिथेही तेच. त्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे मोजकीच नावं फिरून फिरून येत. धोंडू, रामा, गणू, की पुन्हा धोंडू. बापाचं नाव लावून पाहिलं तरी माणूस वेगळा निघेना. म्हणून आत्तीने प्रत्येकाला जागेवरून ओळखायची सोय लावली होती. फणसाखालचा रामा, पऱ्याजवळचा, म्हणजे ओढ्याजवळचा रामा. वाडी उतरणीवर होती, तेव्हा वरच्या अंगाला घर असलेला तो वरचा धोंडू आणि खालच्या अंगाला घर असलेला तो खालचा धोंडू. वाडी तिच्या शब्दाप्रमाणे चाले. लहान पोरंसुद्धा "कुठला?" म्हटलं की आधी घराकडे बोट दाखवत, नाव मागाहून सांगत.

पोलादपूरहून आंबेनळीकडे जाताना डाव्या हाताला डोंगरात ही वाडी. मी तिथे सून म्हणून गेले ती सन तीसच्या आगेमागे. माझं माहेर महाडजवळचं नाते. वडील तिथल्या शाळेत मास्तर होते म्हणून मला लिहिता-वाचता येत होतं. वाडीत त्याचा काडीचा उपयोग नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी एका चुलतसासऱ्यांना दीर समजून डोक्यावर पदर न घेता पाणी दिलं. आत्ती पडवीत बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. तिथूनच म्हणाली, "तू नात्याची ना गो? गावाचं नाव नाते, आनि नाती तेवढी कळत नायत!" सगळ्या बाया हसल्या. पुढे मला "नातेवाली" हेच नाव होतं. तेही आत्तीनेच दिलेलं.

आम्ही बाकीच्या बाया लग्न होऊन सकपाळ झालेल्या. जन्माने सकपाळ असलेली वाडीतली मोठी बाई एकटी आत्ती. मुली तर सगळ्या लग्न करून बाहेर जात. आत्तीही गेली होती, पण वर्षाच्या आत नवरा वारला आणि ती परत आली. मग म्हातारी होईपर्यंत भावाच्या, त्याच्यामागे पुतण्याच्या पडवीत राहिली. सासरचं नाव तिने कधी घेतलं नाही. कुणी विचारलंही नाही. वाडीतला प्रत्येक पुरुष तिचा भाऊ, पुतण्या नाहीतर नातू, आणि तीही त्यांना तसंच वागवी, म्हणजे शिव्या देऊन.

लग्न जमवायचं तर आधी आत्तीसमोर बसावं लागे. एका आडनावात सोयरीक नाही, एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण मुंबईला राहून आलेले विसरत. असाच एक मुलगा, डोक्याला तेल, पायात बूट, मुलगी पाहायला आला. आत्तीने विचारलं, "कुठला?" त्याने ऐटीत सांगितलं, "लालबागचा." "त्येच्या आदी कुठला?" "रत्नागिरीकडचा. सकपाळ." आत्ती उठून उभी राहिली. "मंग बहीण बघाया आलास काय रे? बस, भावा. भाकरी खा आनि जा." तो भाकरी खाऊन गेला.

सुतकाचा निवाडाही तिचाच. कुठेही सकपाळ मेला की बातमी येई, आणि आत्ती डोळे मिटून त्याचा वंश मागे मागे नेई. मग म्हणे, "आपलं हाय," की सगळी वाडी दहा दिवस सुतकात. देवपूजा बंद, शुभकार्य बंद. किंवा म्हणे, "आपलं नाय," की नुसती आंघोळ. लावणीच्या दिवसांत तिचा हिशेब जरा सैल होई हे मी पाहिलं आहे. पण एका बाबतीत ती कधी सैल झाली नाही. लग्न करून दिलेली मुलगी मेली की ती सांगे, "दिलेली लेक. तिचं सुतक तिच्या सासरला. वाडीला नाय." मुलीची आई रडत असली तरी हेच.

दोघे धोंडू मुंबईला गिरणीत होते. परळला वाडीची एक खोली होती, तीत वाडीचे सगळे पुरुष राहत. वरच्या धोंडूची बायको भागी, ती माझी चुलतजाऊ. आमची भिंत एक. खालच्या धोंडूची बायको सुंदरा. दोघींचं चांगलं जमे. पाण्याला एकत्र जात, लाकडाला एकत्र जात.

त्या काळी मुंबईचा माणूस बोटीने बाणकोटला येई, तिथून पडावाने खाडीतून दासगाव, पुढे पायी. पावसाळ्यात बोटी बंद. शेवटची बोट आली की नारळी पौर्णिमेपर्यंत मुंबईचं माणूस नाही आणि मुंबईचा शब्द नाही. पोस्ट होतं, पण पोलादपूरला. मधले ओढे भरले की टपालवाला वर चढत नसे, आणि वाडीतल्या कुणाला पत्र लिहायची सवयही नव्हती. अशा शेवटच्या बोटीने पल्याडच्या वाडीतला गणू आला. घरी जाण्याआधी आमच्या अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "तुमचा धोंडू गेला. तापानं."

आत्ती पडवीतून उठली. "कुठला?"

"वरचा."

"वरचाच म्हटलान ना? नीट आठव."

"वरचाच. वरचा धोंडू गेला, वाडीत सांग, असं म्हटलान."

"सांगनारा कोन?"

"तुमच्यातलाच सकपाळ. मी काय वळखत नाय. धक्क्यावर ही गर्दी, बोट सुटत व्हती. त्यानं वरडून सांगितलान."

भागी दारात उभी होती. सातवा महिना चालू होता तिचा. ती रडली नाही. म्हणाली, "आत्ती, त्यांना कदी ताप येत नाय. खालचा नसंल कशावरनं?"

सगळ्यांनी सुंदराकडे पाहिलं. सुंदराच्या डोक्यावर हंडा होता, तो तिने खालीही ठेवला नव्हता. वाडीतल्या दोन बायांपैकी एकीचं कुंकू जायचं होतं, आणि कोणाचं ते आत्तीच्या तोंडून यायचं होतं.

आत्ती म्हणाली, "वरचा म्हंजे वरचा. हे नाव मी ठिवलंय गो."

पऱ्यावर नेऊन तिने स्वतःच्या हाताने भागीच्या बांगड्या दगडाने फोडल्या. भागीने हात मागे ओढला तेव्हा एक काच मनगटात घुसली. आत्तीने ती काढली, पदर फाडून पट्टी बांधली आणि उरलेल्या बांगड्या फोडल्या. प्रेत नव्हतं म्हणून पिठाचा पुतळा करून जाळला. वाडीने दहा दिवस सुतक धरलं. अकराव्या दिवशी पाऊस लागला.

आषाढात भागीला मुलगा झाला. बाळंतपण आत्तीनेच केलं. बाप गेल्यावर जन्मलेल्या मुलाला बापाचंच नाव द्यायचं, ही रीत. बाराव्या दिवशी पाळण्यात वाकून आत्तीने त्याचं नाव धोंडू ठेवलं. "गेलेलं मानूस घरात आलं," ती म्हणाली. तेव्हा भागी पहिल्यांदा रडली. सुंदरा त्या दिवसांत रोज भागीकडे येई, जेवण करून ठेवी, पोराला न्हाऊ घाली. श्रावणात कासार आला तेव्हा तिने कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या, आणि मग भागीकडे येताना हात पदराखाली झाकू लागली.

बोटी सुरू झाल्या. गणपतीच्या आधी, दुपारी, मी आणि सुंदरा पऱ्यावर कपडे धूत होतो. खालच्या वाटेने एक माणूस डोक्यावर ट्रंक घेऊन वर येत होता. जवळ आला तेव्हा मी ओरडले. तो भागीचा नवरा होता.

सुंदरा ओरडली नाही. ती त्याच्या तोंडाकडे पाहतच नव्हती. ट्रंकेकडे पाहत होती. निळ्या रंगाची, एका कोपऱ्यात चेपलेली ती ट्रंक तिच्या नवऱ्याची होती. तो जवळ येऊन उभा राहिला आणि सुंदराचे भरलेले हात पाहून गोंधळला. "वयनी," तो म्हणाला, "तुम्हांला सांगितला नाय काय कुनी? मीच तर धक्क्यावर सांगितला व्हता. वरचा धोंडू गेला म्हनून."

खोलीत दोन धोंडू, म्हणून मुंबईच्या लोकांनीही आपली सोय लावली होती. पोटमाळ्यावर निजायचा तो वरचा, खाली जमिनीवर निजायचा तो खालचा, आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. वाडीतला खालचा धोंडू तिथे माळ्यावर निजत असे.

सुंदरा पाण्यात बसली आणि धुण्याच्या दगडावर हात आपटू लागली. मी धरायला गेले तर म्हणाली, "आत्तीला बोलवू नका. मी फोडीन." कोपरापर्यंत भरलेल्या बांगड्या फोडायला बराच वेळ लागला. तोवर हा माणूस ट्रंक डोक्यावर घेऊन तसाच उभा होता.

पुढचं लवकर सांगते. जिवंत माणसाचे दिवस घातले, तेव्हा त्याला पुन्हा जन्माला घालणं आलं. आधी खालच्या धोंडूचे दिवस घातले, मग पोलादपूरचे भटजी आले. मिशा असलेल्या माणसाला पाळण्याशेजारी बसवून बारसं केलं, मग त्याचं भागीशी पुन्हा लग्न लावलं. लोक हसले. हसण्यासारखंच होतं ते. खालच्या अंगाला सुंदरा कोपऱ्याकडे तोंड करून बसली होती. जिवंत बापाचं नाव मुलाला चालत नाही म्हणून आत्तीने त्याच पाळण्यात वाकून पोराचं नाव बदललं, गणपत ठेवलं. पण वाडीच्या तोंडात धाकटा धोंडूच बसला होता. भाद्रपद संपता संपता ते पोर तापाने गेलं. लोक म्हणाले, एका घरात एक नाव दोघांना पुरलं नाही. मला तसं वाटत नाही. ताप होता, डॉक्टर महाडला होता आणि मधे सावित्रीला पूर होता.

भागी त्यानंतर आत्तीशी एक शब्द बोलली नाही. भांडलीही नाही. आत्ती समोरून आली की ती बाजूला होऊन वाट देई, एवढंच. सुंदरालाही आत्तीने काही सांगायचा प्रयत्न केला. सुंदरा म्हणाली, "तुमी काय खोटं बोलला नाय आत्ती," आणि हंडा उचलून गेली. आत्तीला ते जास्त लागलं असावं.

आत्तीचं "कुठला?" त्या साली बंद झालं. कुणी आलं की ती बापाचं नाव विचारी, आईचं विचारी, आईचं माहेर विचारी, अंगावर कुठे डाग आहे का विचारी. लोक कंटाळत. सुतकाचं विचारायला आले तर म्हणे, "माज्या भरवशावर ऱ्हाऊ नका रे." एकदा शेंगा सोलता सोलता मला म्हणाली, "नातेवाले, मी जाग्यावरनं मानसं वळखली गो. मानूस मुंबैला गेला, जागा हितंच ऱ्हायली. ह्ये माज्या ध्यानात यायला नको व्हतं काय?" मी म्हटलं, यायला हवं होतं. ती म्हणाली, "हां. तू खरं बोलतंस," आणि शेंगा सोलू लागली.

चारपाच वर्षांनी आत्ती वारली ती शिमग्यात. दुसऱ्या दिवशी देवाची पालखी वाडीत घरोघर यायची होती. सुतक असलेल्या घरासमोर पालखी थांबत नाही, आणि वाडीभर सुतक असलं तर वाडीतच येत नाही. पालखीसाठी पुरुष मुंबईहून आले होते. दहन करून आल्यावर सगळे अंगणात बसले. एक म्हातारा म्हणाला, "दिलेली लेक ती. तिचं सुतक तिच्या सासरला. वाडीला नाय." बरोबर होतं. आत्तीचाच नियम होता. मग कुणीतरी म्हणालं, सासरी कळवायला माणूस पाठवायला हवा.

"तिचं सासर कुठलं?"

म्हाताऱ्याने आठवून पाहिलं. दुसऱ्याने पाहिलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. जिने सगळ्यांना "कुठला" विचारलं, तिला ते कुणी विचारलं नव्हतं. शेवटी वाडीने आंघोळी केल्या आणि पालखी घ्यायचं ठरलं.

सकाळी ढोल वाजवत पालखी आली. अंगणं सारवलेली, रांगोळ्या काढलेल्या, बाया आरत्या घेऊन उभ्या. मीही होते. खालच्या अंगाला सुंदराचं दार बंद होतं. विधवा बाई, पुढे आली नसेल, असं समजून भोई पुढे गेले. वर आले तर भागीचं दारही बंद. अंगण सारवलेलं नाही, आत चूल पेटलेली नाही. तिचा नवरा बाहेर मान खाली घालून बसला होता. ढोल थांबला.

म्हातारा दारापाशी गेला. "भागी, देव दारात आला हाय. दार उघड."

"सुतक हाय," भागी आतून म्हणाली.

"कुनाचं गो?"

"सकपाळ मेलंय."

म्हातारा चिडला. "कुठलं?"

मग भागी म्हणाली, "हितलं."

भोयांनी पालखी उचलली आणि ढोल न वाजवता तिच्या घरावरून पुढे नेली. पुढचं घर माझं होतं. मी आरतीचं ताट आत नेऊन ठेवलं आणि दार लावून घेतलं.