शिष्टमंडळातली पाचवी

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असताना एका दुपारी विडी वळणाऱ्या बायांचा मोर्चा पोलिसांनी सीताबर्डीच्या पुढे अडवला. मंत्र्यांना भेटण्यासाठी पाच जणांचं शिष्टमंडळ आत सोडण्यात आलं. त्यात चार पुरुष होते आणि एक बाई. ती बाई माझी काकू होती. माझी आई अडथळ्याच्या अलीकडे रस्त्यावर बसून राहिली.

मी तेव्हा एका मराठी दैनिकात उमेदवारी करत होतो. अधिवेशनाच्या दिवसांत सभागृहाची गॅलरी वरिष्ठ वार्ताहरांकडे असे आणि रस्ता नव्या माणसाकडे. विदर्भातून रोज मोर्चे येत. त्यांची बातमी लिहायची रीत ठरलेली होती. मोर्चा कुणाचा, मागण्या कोणत्या, कुठे अडवला, शिष्टमंडळात कोण, मंत्री काय म्हणाले. संख्या आधी पोलिसांना विचारायची, मग आयोजकांना विचारायची आणि शेवटी ‘मोठ्या संख्येने’ असं लिहायचं. मोर्चात कोण कशासाठी आलं, हा प्रश्न त्या रीतीत बसत नव्हता. या एका मोर्चापुरतं त्याचं उत्तर मला माहीत होतं, कारण त्यातला निम्मा मोर्चा आमच्या घरातून निघाला होता.

आमची गल्ली इतवारीच्या पलीकडे होती. एकाच घराच्या दोन खोल्यांत दोन चुली होत्या, एक आईची, एक काकूची. वडील आणि काका कापडाच्या मिलमध्ये कामाला जात. दोघी जावा दिवसभर दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत. तेंदूची पानं आणि तंबाखू सट्टेदार देई. सट्टेदार म्हणजे कारखानदार आणि बाया यांच्यामधला ठेकेदार. वळलेल्या विड्या त्याच्याकडे नेऊन दिल्या की त्याचा माणूस त्यातल्या काही बाजूला काढी. त्याला छाट म्हणत. छाटीच्या विड्यांची मजुरी मिळत नसे आणि त्या परतही मिळत नसत. त्या सट्टेदाराच्या टोपलीत जात आणि पुढे चांगल्या विड्यांबरोबर विकल्या जात. हे सगळ्या बायांना ठाऊक होतं. मोर्चाची मागणी एवढीच होती की छाट बाईच्या डोळ्यांसमोर मोडून टाकावी.

आई थोरली जाऊ. गल्लीत तिचा शब्द चाले आणि त्यामागे एक वस्तू होती. लग्नाच्या पंगतीचं वरण एका वेळी होईल असा पितळी गंज आमच्या घरी होता. चार गल्ल्यांतल्या लग्नांना तोच जाई. गंज मागायला बाया आईकडे येत आणि गंज देण्याआधी आई सगळी विचारपूस करून घेई. कुणाची सोयरीक जुळली, कुणाची मोडली, कुठल्या घरात सासू-सुनेचं पटत नाही, हे तिला सगळ्यांच्या आधी कळे. काकूकडे असं काही नव्हतं. तिच्याकडे आवाज होता. हळदीच्या दिवशी तिनं गाणं धरलं की मागच्या गल्लीतल्या बाया हातातलं काम टाकून येत.

युनियनच्या पहिल्या सभेला काकू गेली. का गेली ते तिनं स्वतःच सांगितलं होतं. त्या आठवड्यात तिची छाट जास्त निघाली होती आणि सभेच्या जागी सावली होती. परत आली ती घोषणा शिकून. दुसऱ्या दिवसापासून बाया आमचं दार ओलांडून काकूच्या दारात थांबू लागल्या. युनियनवाले काय म्हणाले, पुढची सभा कुठे, हे तिला विचारू लागल्या. आई आपल्या उंबऱ्यावर विड्या वळत होती.

“काय आहे वं तिच्या दारात?” एका बाईला तिनं विचारलं. “साखर सांडली काय?”

पुढच्या सभेला आई गेली. युनियनच्या पुढाऱ्यानं मोर्चासाठी बाया आणायला सांगितलं, तेव्हा काकूनं तिच्या ओळखीच्या घरी निरोप दिले. आई चार गल्ल्या फिरली. ती अन्यायाबद्दल काही बोलली नाही. एका घरी मी तिच्यासोबत होतो. तिथल्या बाईनं नवरा नको म्हणतो असं सांगितलं. आई म्हणाली, “उन्हाळ्यात पोरीचं लग्न काढून राहिली ना तू? वरण कशात शिजवशीन?” ती बाई मोर्चात आली. तिच्या दोन्ही शेजारणीही आल्या.

आईनं आणखी एक गोष्ट केली होती. मोर्चाच्या आधी, सट्टेदाराच्या माणसानं तिची छाट टोपलीत टाकली आणि पाठ फिरवली, तेव्हा तिनं त्यातल्या मूठभर विड्या परत उचलल्या. त्या विड्यांत खोट नव्हती. तोंडं नीट बंद होती, दोरा घट्ट होता. मंत्र्यांना दाखवायला म्हणून तिनं त्या फडक्यात बांधून ठेवल्या. शिष्टमंडळात आपणच जाणार, हे तिनं घरात गृहीत धरलं होतं. हिरवं पातळ आदल्या दिवशी धुऊन ठेवलं होतं.

अडथळ्यापाशी पोलीस अधिकाऱ्यानं पाच नावं मागितली. पुढाऱ्यानं चार नावं भराभर सांगितली, पहिलं स्वतःचं. पाचवं नाव बाईचं असायला हवं, नाहीतर बायांच्या मोर्चात बाया कुठे आहेत असं मंत्री विचारतील, असं तो म्हणाला. आई उठली आणि तिनं पातळाला लागलेली धूळ झटकली. पुढाऱ्यानं काकूचं नाव सांगितलं.

“यांचा आवाज चांगला आहे,” तो म्हणाला. मग आईकडे वळला. “वहिनी, त्या छाटीच्या बिड्या द्या. आत दाखवतो.”

“घरी राह्यल्या,” आई म्हणाली.

फडक्याची गाठ तिच्या कमरेला पदराखाली होती. मला ती दिसत होती. काकूलाही दिसत असावी, कारण ती तिकडे पाहत होती. शिष्टमंडळ पोलिसांच्या मागे गेलं आणि बातमीसाठी मी त्यांच्या मागे गेलो. मंत्र्यांच्या दालनाच्या दारापर्यंत वार्ताहरांना जाऊ देत.

भेट थोडा वेळ चालली. पुढाऱ्यानं निवेदन वाचलं. काकू दोन वाक्यं बोलली. चांगल्या विड्या छाटीत काढतात याला पुरावा काय, असं मंत्र्यांनी विचारलं. पुरावा नव्हता. पुरावा घेऊन या, चौकशी लावतो, असं सांगून त्यांनी चहा मागवला. सहानुभूतीपूर्वक विचार करण्याचं आश्वासन मंत्र्यांनी दिलं, असं मी लिहिलं. युनियनच्या पत्रकात शिष्टमंडळातली पाचही नावं होती. ती सगळ्याच वर्तमानपत्रांत आली.

आईला वाचता येत नव्हतं. तिनं ती बातमी माझ्याकडून वाचून घेतली. नावं आली तेव्हा म्हणाली, “पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचली. वडील जेवत होते. ते म्हणाले, “मिलमध्ये माह्ये केस पिकले. मले कोणी पाचात नेलं नाही. तू पहिल्याच वर्षी काहून रडून राहिली?” आई रडत नव्हती. तिनं त्यांच्या ताटात भाजी वाढली नाही.

गल्लीत काकूला भेटीची हकिकत रोज सांगावी लागे. चहा कपबशीत आला होता, कपाला सोनेरी काठ होता, दालनात पंखा तीन पात्यांचा होता. आणि ती आत शिरली तेव्हा तिला पाहून मंत्री खुर्चीवरून उठले होते. हे शेवटचं वाक्य आई भिंतीपलीकडून ऐके. सट्टेदाराकडे त्या दिवसांत आईची छाट खरोखरच वाढली, असं तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईनं मला सांगितलं. वळताना तिच्या हातून दोरा तुटत होता.

त्यानंतर सट्टेदारानं काकूला पानं देणं बंद केलं. जिचं नाव पेपरात येतं तिला माझ्याकडे काम नाही, असं त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं. काकू रिकामी टोपली घेऊन घरी आली आणि उंबऱ्यावर बसली. संध्याकाळपर्यंत तिच्याभोवती बाया जमल्या. कुणी भाकरी आणली, कुणी तिचं पाणी भरलं. युनियनचा पुढारी सायकलवर आला आणि त्यानं तिला लढाऊ भगिनी म्हटलं.

आईला पानं त्याच दिवशी मिळाली होती. नेहमीपेक्षा चांगली होती, मोठी, न फाटलेली. सट्टेदार तिला म्हणाला होता, “तुम्ही साध्या बाई आहा, मोठ्या बाई. तुमचं काही नाही.”

त्या दिवशी तिनं पानं भिजवली नाहीत. मी घरी आलो तेव्हा टोपली कोपऱ्यात तशीच होती.

“मले काहून नाही बंद केलं?” तिनं विचारलं.

मी सांगितलं की शिष्टमंडळात काकूचं नाव होतं.

“बाया कोणी आणल्या होत्या?”

तिनं पुन्हा तेच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानांची ती टोपली घेऊन आई सट्टेदाराकडे गेली. विड्या द्यायला आलेल्या बायांची रांग लागली होती. पुढे काय झालं ते मला रांगेतल्या तीन बायांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि तिघींच्या सांगण्यात फरक नव्हता. आईनं कमरेचं फडकं सोडून विड्या सट्टेदाराच्या तराजूत टाकल्या. “ह्या तुह्या टोपलीतल्या बिड्या. मीच उचलल्या. मोर्च्यातल्या बाया बी मीच आणल्या. माह्यं काम बंद कर.”

सट्टेदार हसला. “ती गाते, तिले लोक ओळखतात. तुम्ही आपला गंज सांभाळा, बाई.”

आईनं टोपली उलटी केली. पानं त्याच्या पायापाशी पडली. “माह्यं बी बंद,” ती म्हणाली आणि मागे वळून रांगेकडे पाहिलं. जिच्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात होतं, त्या बाईनं आपली टोपली आधी उलटी केली. मग तिच्या दोन शेजारणींनी. संध्याकाळपर्यंत चार गल्ल्यांतल्या एकाही बाईनं पानं घेतली नाहीत. ही त्या भागातली विडी कामगारांची पहिली कामबंदी होती. पुढारी तिथे तिसऱ्या दिवशी पोचला. काकू त्याच्या आधी पोचली होती. तिनं घोषणा धरल्या. आई घोषणांना उत्तर देत नसे. ती सट्टेदाराच्या दारात बसून कोण येतं आणि कोण येत नाही ते पाही. न आलेल्यांच्या घरी ती संध्याकाळी जाई.

होळीच्या आधी सट्टेदारानं मान्य केलं. छाट बाईसमोर मोडायची असं ठरलं. काकूची पानं सुरू झाली.

ऐंशीच्या सुमाराला विद्यापीठातले एक प्राध्यापक आमच्या घरी आले. ते चळवळींचा अभ्यास करत होते. बाया संपात का उतरल्या, हे त्यांना हवं होतं. ते शांत, सभ्य गृहस्थ होते आणि आईला ‘आई’च म्हणत होते. मजुरी कमी होती म्हणून, अन्यायाची जाणीव झाली म्हणून, की युनियननं जागृती केली म्हणून, असं त्यांनी विचारलं.

“जळत होती मी,” आई म्हणाली.

“मालकावर?”

“जावेवर.”

प्राध्यापक हसले. भिंतीपलीकडून काकू म्हणाली, “खरं सांगून राहिली ते.” प्राध्यापकांनी प्रश्न बदलून अन्यायाबद्दल पुन्हा विचारलं. आई म्हणाली की छाट तिच्या सासूच्या वेळेपासून जात होती, अन्याय काही त्या वर्षी नवा आला नव्हता. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

कामबंदीनंतरच्या हिवाळ्यात मोर्चा पुन्हा निघाला होता. छाट मोडण्याचा नियम सगळ्या सट्टेदारांना लावावा, ही मागणी होती. पोलिसांनी तो त्याच जागी अडवला. पुढाऱ्यानं चार पुरुषांची नावं सांगितली आणि पाचवं आईचं. आईनं तेच हिरवं पातळ नेसलं होतं. काकू रस्त्यावर बसली. आई आत जाईपर्यंत तिनं एकही घोषणा दिली नाही. बाया तिच्याकडे पाहत राहिल्या, पण ती पायातला काटा काढत होती.

मंत्री तेच होते. पुढाऱ्यानं निवेदन वाचलं. आईनं मोडलेल्या छाटीचा चुरा सोबत आणला होता, तो टेबलावर ठेवला. मंत्र्यांनी मागणी तपासून पाहण्याचं मान्य केलं. चहा आला. कपाला काठ नव्हता. परतताना आईनं मला दाराबाहेर थांबवलं.

“तिच्या वेळी उठले होते काय?”

मी जे पाहिलं होतं ते सांगितलं. तिनं पदर नीट केला आणि चालू लागली.

संध्याकाळी गल्लीत बाया जमल्या. काकू आपल्या दारात सूप घेऊन बसली होती. आईनं चहाचं सांगितलं, सोनेरी काठाचं सांगितलं आणि मग म्हणाली, “मी आत गेली तं मंत्री खुर्चीवरून उठून उभे राह्यले.”

काकूनं विडीला दोरा गुंडाळला.

“उठतातच ते, जाऊबाई,” ती म्हणाली. “माह्या वेळी तं हात बी जोडले होते.”

दोन्ही वर्षी मी दारात उभा होतो. मंत्री खुर्चीवरून उठले नव्हते.