तीन दुकानांचा एकच माल

बाजारापेक्षा स्वस्त कपडा विकणारी दुकानं गावोगाव उघडायची, हे खूळ ऐंशीच्या सुमारास माझ्या डोक्यात शिरलं. दुकानं जास्त तर खरेदी मोठी, खरेदी मोठी तर भाव कमी, हे गणित मी वालूरच्या पारावर बसून भेटेल त्याला समजावत असे. वालूरचं दुकान धड चालायच्या आधीच सेलूला अन् देवगाव फाट्यावर शाखा काढल्या. पाट्या तिन्हीकडं झकास, माल मात्र एका दुकानापुरता. बाजाराचा वार बघून तोच मी इकडून तिकडं हलवायचो. घरात नाही दाणा अन् मला बाजीराव म्हणा, दुसरं काय.

त्यातच राणीसावरगावची मुलगी बघून आलो. इतकी आवडली, की परतताना एसटीत तिकीट काढायचंच विसरलो. आता तिच्याकडची माणसं आमचं घर बघायला येणार होती, आणि मध्यस्थानं त्यांना तीन भरलेली दुकानं सांगून ठेवली होती.

माझा बेत सोपा होता. आधी वालूरचं दुकान दाखवायचं. पाहुणे घरी जेवायला बसले, की थोरल्या भावानं सगळा माल जीपमधून सेलूला न्यायचा, आणि तिथं चहापाणी चालू असताना पुढं फाट्यावर.

पाहुणे आले. मुलीच्या आत्यानं लुगड्याचा भाव विचारला. मी ऐटीत सांगितला. तिला तो खरा वाटेना, पुन्हा विचारला, आणि मग तिनं बाकीच्या बायकांना आत बोलावलं. लग्नात आहेराला कपडा लागणारच, मग इथूनच का नको, असं ठरलं. नाही म्हणावं तर सोयरीक मोडणार, हो म्हणावं तर दुकान. लुगडी गेली, धोतरं गेली, टोप्यासुद्धा गेल्या. भाऊ बाहेर जीपला टेकून उभा होता, आणि भरायला काहीच उरलं नव्हतं.

सेलूच्या रिकाम्या फळ्या बघून मी म्हणालो, माल लय खपतो. फाट्यावर तेही म्हणवेना. मुलीचे वडील फळीवरून बोट फिरवून धूळ बघत राहिले. मुलगी हातची गेली, हे मी धरूनच चाललो.

"जावईबापू," ते म्हणाले, "दुकान येकच ठिवा, पर भरलेलं ठिवा. माज्या लेकीला तीन गावच्या मोकळ्या फळ्या झाडायला लावू नका."

त्यातला पहिला शब्दच तेवढा मला ऐकू आला. तिथंच धुळीत मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि मला रडू आवरेना.