जोडीचा फोटो

माझ्या स्टुडिओत येणारा माणूस खुर्चीवर टेकायच्या आधीच सांगून टाकतो, "माझा फोटो चांगला येत नाही." रहिमतपुरात दुकान टाकून इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य कानावर पडलं की माझं डोकं अजून फिरतं. अहो, तो चांगला यावा म्हणून तर मी इथे बसलेय! तोंडावर असं बोलता येत नाही. मग मी हनुवटी जरा खाली घ्यायला सांगते आणि विचारते, ऊस गेला का, सून कुठली केली, पोरगं काय करतं. बोलायला लागला की माणूस चेहरा सैल सोडतो. तेवढ्यात मी बटण दाबते.

बहुतेक दिवस पासपोर्ट फोटोंतच जातो. सैन्यभरतीला निघालेली पोरं सगळ्यांत सोपी, पापणीसुद्धा हलवत नाहीत. स्थळासाठी फोटो काढायला येणाऱ्या मुली अवघड, कारण सोबत आई, मावशी आणि आत्या येतात आणि तिघी मिळून तिला "हस की गं, हस की" म्हणत रडकुंडीला आणतात. थंडीत लग्नाआधीच्या शूटिंगसाठी महाबळेश्वरला जावं लागतं. जोडपं स्ट्रॉबेरीच्या वाफ्याशी गळ्यात हात टाकून उभं असतं आणि सोबत पाठवलेला मामा गाडीत बसून भजी खात असतो. मी त्याला चिडवते, की मामा, तुमचाही एक काढू का मामींबरोबर असा? मामा लाजून काच वर करतो.

मला त्या जोडप्यांचं कौतुक वाटतं आणि थोडा हेवाही. माझं माहेर कुंडलचं. लहानपणी एकदा सांगलीहून फोटोवाला घरी आला होता. वडील खुर्चीत बसले, आई मागे उभी राहिली. फोटोवाला म्हणाला, "वहिनी, खांद्यावर हात ठेवा." आईला इतका धक्का बसला, की तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग आजोबा कुठे आहेत ते बघितलं. शेवटी तिने हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला, वडिलांच्या खांद्यापासून चार बोटं अंतर राखून. तो फोटो आता माझ्या दुकानात आहे आणि मला त्यात ती चार बोटंच आधी दिसतात.

गेल्या वर्षी कोरेगावकडच्या एका गावातून एक आजी आपल्या मुलाला घेऊन दुकानात आल्या. मुलगा कसला, पन्नाशीचा गृहस्थ, मिशा पिकलेल्या. गावात नवीन घर बांधलं होतं, वास्तुशांत जवळ आली होती आणि आजींना हॉलमध्ये लावायला जोडीचा फोटो हवा होता. त्यांचे यजमान फौजेत होते. लग्नानंतर दोनदा सुट्टीवर आले, मुलगा पाळण्यात असताना डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत गेली.

"लग्नात फोटूच न्हाई काढलं," आजी म्हणाल्या. "म्या म्हनलं, आपला दोघांचा एक आसावा. तर ह्ये म्हनलं, पुढच्या सुट्टीला साताऱ्याला जाऊ आन् झ्याक काढू."

त्या पुढच्या सुट्टीचा फोटो काढायला त्या माझ्याकडे आल्या होत्या. मुलाने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला एक फोटो काढला. फौजेच्या ओळखपत्राचा, खांद्यावर निळ्या शिक्क्याची अर्धी गोलाई उमटलेली. विशीतला पोरगा, कान जरा मोठे, डोळे थेट समोर. आजींचा तरुणपणीचा फोटो एकही नव्हता.

असली कामं आमच्याकडे नेहमी येतात. दोन फोटो एकत्र करायचे, शिक्का पुसायचा, मागे गुलाबी पडदा टाकायचा. पण इथे अडचण वेगळी होती. मी विचारलं, "आजी, काय करू? तुम्हाला तरुण करू, की त्यांना म्हातारं?"

आजी पदर तोंडाला लावून हसल्या. "मला कशाला तरनी करतीस गं? एवढं रान केलं, पोरगं वाढवलं, घर बांधलं. त्ये काय पुसून टाकायचं व्हय? त्यास्नीच आण हिकडं."

मग आम्ही बसलो त्यांना इकडे आणायला. मी संगणकावर चेहरा उघडला आणि आजी शेजारी स्टूल ओढून बसल्या. मिशी पांढरी करू का? कर. केस? थोरल्या दिरांना टक्कल पडलं होतं, पण ह्यांना नको. बरं, म्होरनं थोडं मागं जाऊ दे, लय खोटं नगं. गणवेश नको, "आता रिटायर झाल्यात न्हवं, घरीच आसत्यात." पांढरा शर्ट आणि टोपी ठरली. अंगाने कसे करू, असं मी विचारलं तेव्हा आजींनी जरा विचार केला.

"प्वाट सुटू दे थोडं," त्या म्हणाल्या. "माज्या हातचं खाल्लं आसतं की इतकी वर्सं."

मला एकदम उठून पाणी प्यावं लागलं.

पोटासाठी, खांद्यांसाठी कोणीतरी माणूस लागणार होता. मुलगा तिथेच होता. त्याला पांढरा शर्ट घालून मी खुर्चीत बसवलं, शेजारच्या खुर्चीत आजींना. वडिलांच्या दुप्पट वयाचा मुलगा वडिलांच्या जागी बसला आणि पोट सुटलेलंच असल्यामुळे त्याला वेगळं काही करावं लागलं नाही. आजी त्याच्या कॉलरवरचा दोरा काढत होत्या, नीट बस म्हणून दटावत होत्या.

मी दिवे लावले आणि म्हणाले, "आजी, इथे आता तुमचा मुलगा नाही. ते बसलेत असं समजा."

आजींचा हात कॉलरवरून मागे आला. त्यांनी पटकन डोक्यावरून पदर घेतला आणि खाली बघितलं. मी म्हटलं, त्यांच्या हातावर हात ठेवा.

"आगं बाई, समद्यांच्या म्होरं?"

दुकानात आम्ही तिघंच होतो. मी आग्रह केला नाही. त्यांनी हात आपल्याच मांडीवर ठेवले आणि मी फोटो काढला.

पुढचे काही दिवस मी त्या चेहऱ्याशी झगडत होते. सॉफ्टवेअरला म्हातारं कर म्हटलं, की ते कुणालाही एकाच साच्यातलं म्हातारं करतं, सुरकुत्या इस्त्री मोडल्यासारख्या. माझा पारा चढायचा. मग मुलाच्या कपाळावरच्या रेषा बघितल्या, दिरांचा एक फोटो मागवला, गालाखालचं मांस हाताने ओढून आणलं. डोळ्यांना मात्र मी हात लावला नाही. शेवटी खुर्चीत एक भारदस्त म्हातारा बसला. मला तो इतका आवडला, की सकाळी दुकान उघडलं की मी त्यालाच आधी बघायची.

दोघं फोटो न्यायला आली. मी मोठ्या हौसेने फ्रेमवरचा कागद काढला. आजींनी चष्मा पुसला, फोटो जवळ घेतला, लांब धरला.

"ह्यो कोन?" त्यांनी विचारलं.

"आये, आप्पा हाईत की," मुलगा म्हणाला. 'आप्पा' हा शब्द त्याने अडखळत उच्चारला. तो कुणाला उद्देशून वापरायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

"ह्या म्हाताऱ्याला मी वळखत न्हाई," आजी म्हणाल्या.

खरं सांगते, मला आधी राग आला. इतकं खपून केलेलं काम! पण आजींनी फ्रेम हळूच टेबलावर ठेवली आणि मला माझीच लाज वाटली. मी म्हटलं, आजी, थांबा. संगणक लावला आणि म्हाताऱ्याच्या जागी ओळखपत्रावरचा तो पोरगा बसवला, जसाच्या तसा.

"हे हाईत," आजी लगेच म्हणाल्या आणि पडद्यावर त्याच्या गालाला बोट लावलं. मग शेजारी बसलेल्या स्वतःकडे त्यांची नजर गेली. पिकलेले केस, वाकलेला खांदा, आणि बाजूला मिसरूड फुटलेला पोरगा.

"नातू दिसतुया माजा," त्या म्हणाल्या. हसायला गेल्या, पण हसू आलं नाही.

मुलगा मान फिरवून रस्त्याकडे बघत राहिला. हा लावला तर वास्तुशांतीला आलेला प्रत्येक पाहुणा विचारणार, की हा पोरगा कोण. तो लावला तर आजी रोज एका परक्या माणसाशेजारी बसणार. तिसरा फोटो माझ्याकडे नव्हता.

आजींनी फ्रेम पुन्हा हातात घेतली. पोटावरून, मिशीवरून नजर फिरवत त्या वर गेल्या आणि तिथे थांबल्या.

"डोळं त्येच ठिवलंस व्हय गं?"

"हो आजी. डोळ्यांना मी काहीच केलं नाही."

त्या बघत राहिल्या. मग फ्रेमवरची नसलेली धूळ पदराने पुसली आणि म्हणाल्या, "ह्योच दे मग."

"पण तुम्ही ओळखत नाही म्हणालात..."

"लगीन लागलं तवा तरी कुठं वळखत हुते?" आजी म्हणाल्या. "अंतरपाट खाली आला तवा पयल्यांदा बगितलं. हुतीया वळख हळूहळू. आता काय, कायम घरातच हाईत."

मला रडू फुटलं. पोरीबाळींना हसवणारी मी, गिऱ्हाइकासमोर हुंदके देत होते आणि आजी माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

त्यांना पोचवायला मी दारापर्यंत गेले. मुलगा फ्रेम गाडीच्या मागच्या सीटवर ठेवणार होता. आजींनी ती मागून घेतली, पुढे बसल्या आणि मांडीवर उभी धरली, काचेची बाजू स्वतःकडे करून. फोटोतल्या म्हाताऱ्याच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि डोक्यावरून पदर घेतला.