दाजींचा बारीक आवाज

"पोरगी वाचत न्हाय म्हंजे पोरगी शिकत न्हाय, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते दावा मला, प्राचार्यसाहेब," आमचे दाजी ओरडत होते आणि केबिनबाहेर प्रवेशाच्या रांगेतली पोरं भिंतीला चिकटली होती. नव्या माणसाला वाटलं असतं, आता मारामारी होणार. मी पडलो मेहुणा. दाजी लाडीगोडीनं बोलताहेत हे मला बाहेरूनही कळत होतं.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत कुजबुज म्हणजे काय हे ज्याला ठाऊकच नाही, असा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. इंदापुरातल्या आमच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायचो आणि दाजी जिमखाना सांभाळायचे. त्यांनी ग्राउंडवर 'सावधान' म्हटलं की भिगवणच्या पाण्यातले रोहित पक्षी उडायचे आणि बारामतीत आक्का चहाचं आधण ठेवायची, माणूस आता निघतोय म्हणून. त्यातून त्यांना आणखी एक खोड होती. लिहिताना तोंडानं म्हटल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे. किराणाची यादी लिहायला बसले की शेवटची ओळ संपायच्या आत वाण्याचा माणूस हरभऱ्याची डाळ घेऊन दारात हजर. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर नाव आणि आकडा टाकताना तर आक्का त्यांना गच्चीवर पाठवायची. त्यानं काय व्हायचं? शेजारच्या गल्लीलाही कळायचं.

आता या कमळीचं सांगतो. डाळजची पोरगी, आमच्याच कॉलेजात अकरावीला आलेली. आजा मेंढरं राखायचा, बाप उसाला पाणी द्यायचा, आणि ही खो-खोला अशी पळायची की तिची सावली मागाहून यायची. बारामतीची मॅच जिंकून संघ परत निघाला. कॅप्टन म्हणून कमळीनं पाटी बघून सगळ्यांना गाडीत बसवलं, आणि संघ ट्रॉफीसकट फलटणला जाऊन उतरला. दुसऱ्या दिवशी दाजींनी विचारलं, "पाटी वाचली न्हाय व्हय गं?"

"वाचली की सर. पन ती थांबत न्हाय. अक्षरं हलत्यात."

दुसऱ्या कुणी तिला ग्राउंडला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. दाजींनी तिला बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, डोळे घारीचे आहेत. मग तिच्या बापाला सोबत घेऊन थेट मुंबईचं मोठं इस्पितळ गाठलं. तिथं तपासण्या झाल्या आणि 'अध्ययन अक्षमता' असा दाखला मिळाला. दाजींनी तो शब्द पाठ केला आणि पोरीला राष्ट्रीय पदक मिळाल्यासारखा एसटी स्टँडभर सांगत सुटले. "डोकं ब्येस हाय तिचं. निस्तं कानाच्या रस्त्यानं चालतंय."

बारावी ती कशीबशी काठावर सुटली होती, म्हणून पदवीच्या प्रवेशासाठी केबिनमध्ये हा सगळा आरडाओरडा. प्राचार्यांनी वैतागून टेबलावरच्या वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचून दाखवला आणि म्हणाले, "सांग, काय कळलं?" कमळीनं अग्रलेख तर सांगितलाच, वर लिहिणाऱ्यानं मधेच विषय कुठं सोडलाय तेही सांगितलं. प्राचार्यांनी तिचा अर्ज पुढे ओढून सही केली. प्रवेश मिळाला.

असल्या मुलांसाठी कॉलेजात काही सोय नव्हती. दाजींनी ती जिमखान्यात काढली. सरावाला उशिरा येणाऱ्याला दंड काय, तर क्रमिक पुस्तकातला एक धडा कमळीला मोठ्यानं वाचून दाखवायचा. खेळाडूंना वेळेवर यायची सवय मुळातच नसते, त्यामुळे कमळीचा अभ्यासक्रम दिवाळीच्या आत संपला. आणि दंड भरता भरता अख्खा खो-खो संघ पास होण्याच्या लायकीचा झाला, हे वेगळंच.

खरी अडचण परीक्षेला आली. विद्यापीठानं लेखनिक मंजूर केला. प्रश्न वाचून दाखवायचा, ती सांगेल ते लिहायचं. अट एकच, लेखनिकाला त्या विषयाचं ज्ञान नसावं. आम्ही प्राध्यापक मंडळी एकमेकांकडे बघत असताना दाजी छाती काढून उभे राहिले. "ज्याला काय बी येत न्हाय असा मानूस इद्यापीठाला पायजे. मी हाय की."

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही लिहिताना बोलता. तिची उत्तरं तिच्याआधी शेजारच्या हॉलमधल्या पोरांच्या पेपरात जातील. एक शब्द जरी व्हरांड्यात ऐकू आला तरी पेपर रद्द आणि सवलतही बंद. पोरीचं वर्ष जाईल."

"न्हाय येनार," दाजी म्हणाले. हे वाक्य ग्रंथालयातही ऐकू गेलं.

घरी सराव सुरू झाला. आक्का समोर बसून माझ्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं उघडेल ते पान सांगायची आणि दाजी हळू बोलत लिहायचे. हळू म्हणजे काय, तर आठवड्याभरात दूधवाला आक्काला घटत्या उपयोगितेचा सिद्धांत समजावू लागला. पेपरच्या आदल्या दिवशी आक्का मला म्हणाली, "अरे, त्या लेकराचं नुकसान करतील हे. दुसरं कुणी बघ." पण कमळीनं दुसऱ्या कुणाचं नाव दिलं नाही.

पेपरला व्हरांड्यातली देखरेख माझ्याकडे होती. कोपऱ्यातल्या खोलीत ते दोघं आणि एक पर्यवेक्षक. घंटा झाली. मी कान टवकारले. काही नाही. अर्धा तास गेला, तरी काही नाही. शेजारच्या हॉलमधली पोरं आशेनं भिंतीकडे बघत होती. मला वाटलं, दाजींना चक्कर आली. खिडकीशी गेलो. दाजी कमळीच्या कानाशी वाकले होते, निजलेल्या बाळाजवळ बोलावं तसे ओठ हलत होते. मग ती सांगायला लागली आणि ते लिहायला लागले. डाव्या हातानं स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलेलं. कपाळावरून घाम गळत होता. जन्मभर भोंग्यासारखा वाजलेला हा माणूस प्रत्येक पेपरला असाच बसला.

कमळी पास झाली, चांगली पास झाली. पुढे पदवीही घेतली. दाजींचा घसा मात्र त्या परीक्षेत जो बसला तो पुन्हा पूर्वीसारखा उघडला नाही. इतकी वर्षं ओरडून ज्याला काही झालं नव्हतं, तो दाबून ठेवल्यानं गेला. रोहित पक्षी निवांत झाले. आक्का आता आधण ठेवायला घड्याळ बघते, आणि म्हणते, घर फार मोठं वाटतं रे.

एकदा मी न राहवून म्हटलं, "दाजी, इतका बारीक आवाज कशाला काढायचा? जरा मोठ्यानं वाचलं असतं तरी भिंतीपलीकडं गेलं नसतं."

"तिला ऐकाय येत हुतं की," दाजी म्हणाले.